किनाऱ्यावरची शेड: आधी रेषा, मग चिरा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी उलटली की कोकण किनाऱ्यावर चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, ट्रक फिरू लागतात. कोणाला होडीचे इंजिन आणि जाळी ठेवायला शेड हवी असते, कोणाला माडाच्या बागेत मांगर (अवजारे ठेवायची खोपी), तर कोणाला पर्यटकांच्या गाड्यांसाठी पत्र्याचे छप्पर. बंगला बांधणारा माणूस निदान एखाद्या वास्तुविशारदाला विचारतो. शेड बांधणारा गवंड्याला विचारतो आणि गवंडी सांगतो, "पत्र्याच्या शेडीला कसली आलीय परवानगी?" मे महिन्यात नोटीस येते. तोवर जोते, खांब, पत्रे मिळून दोन-तीन लाख मातीत गेलेले असतात. या विषयावर छापून येते ते बहुतेक मोठ्या रिसॉर्टबद्दल. छोट्या शेडीच्या मालकाने नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

पहिली गोष्ट, 'कच्चे बांधकाम', 'तात्पुरते', 'फक्त पत्रा' हे शब्द कायद्यापुढे फारसे टिकत नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' या शब्दाची व्याख्या जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर केलेल्या कोणत्याही बांधकामाला कवेत घेते, शिवाय जमिनीच्या वापरातील ठळक बदलालाही. छपराला कौल घातले की सिमेंटचा पत्रा, याने फरक पडत नाही. सीआरझेडच्या, म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेतही छोट्या शेडीसाठी वेगळी सूट नाही. तिच्यात जागा महत्त्वाची आणि वापर महत्त्वाचा. आकार त्यानंतर येतो.

म्हणून सुरुवात जागेपासून. आणि जागेची सुरुवात सात-बारापासून, समुद्रापासून नव्हे.

ताजा सात-बारा आणि आठ-अ काढा. भोगवटादार वर्ग १ आहे की २, हे आधी पाहा. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा वेगळा अध्याय सुरू होतो. इतर हक्कांत कुळाचे नाव, बोजा, वनखात्याची नोंद आहे का, हे बघा. मग कोकणातला खरा अडथळा: सामायिक सात-बारा. चाळीस गुंठ्यांवर बावीस नावे, त्यातली पंधरा मुंबईत, तीन हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. बांधकाम परवानगीसाठी सर्व सहहिस्सेदारांचे संमतीपत्र लागते किंवा रीतसर वाटप होऊन स्वतंत्र पोटहिस्सा पडलेला लागतो. 'माझ्या कब्जातला तुकडा' हे तोंडी वाटप गावात चालते, फाइलीत चालत नाही. आमच्या पाहण्यात सर्वाधिक प्रकरणे सीआरझेडवर अडत नाहीत, या संमतीवर अडतात. तेव्हा वारसनोंदीचा अर्ज पावसाळ्यातच तलाठ्याकडे द्यावा आणि संमतीपत्रे गणपतीला सगळे गावी येतात तेव्हा घ्यावीत.

त्याच वेळी हेही पाहावे, की शेड जिथे उभारायची ती जागा खरोखर सात-बाऱ्याच्या आत आहे ना. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे समुद्राचा आणि खाडीचा भरतीरेषेखालचा तळ सरकारचा आहे. कुंपणापुढची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आजोबांच्या काळापासून वापरात असली, तरी ती मालकीची होत नाही. तिथे कोणती परवानगी काढावी, हा प्रश्नच गैरलागू. जेट्टी, होडी ओढायचा उतार किंवा पाण्यातले खांब असतील तर विषय महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जातो आणि त्याचा शेडीच्या अर्जाशी घोळ करू नये. एका अर्जात दोन्ही घातले की दोन्ही लटकतात.

दुसरे काम मोजणीचे. भूमी अभिलेख कार्यालयाकडे ई-मोजणीचा अर्ज करून हद्द कायम करून घ्या आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात घ्या. मोजणी रोव्हरने (उपग्रहावरून स्थान घेणाऱ्या यंत्राने) होत असेल तर भूखंडाच्या प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश मागून घ्या. याचे कारण पुढे येते. गटाचा जुना नकाशा साखळीने मोजलेला आहे. उपग्रहाच्या चित्रावर तो तसाच ठेवला तर काही मीटर इकडे-तिकडे सरकतो. शहरातल्या प्लॉटला त्याने फरक पडत नसेल. इथे मात्र तीन मीटरने शेड रेषेच्या आत किंवा बाहेर जाते.

आता ती रेषा. लोक टेप घेऊन पुळणीवर उतरतात आणि ओल्या वाळूपासून मोजू लागतात. हे चुकीचे आहे. मोजायचे ते अधिकृत भरतीरेषेपासून. उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथवर चढते ती ही रेषा. अष्टमीच्या सुमाराच्या लहान, भांगाच्या भरतीची रेषा नव्हे आणि तुम्ही अमुक पौर्णिमेला पाहिलेलीही नव्हे. ती ठरवून किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात आखलेली असते आणि तो आराखडा महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. सध्याचे नियम १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेचे. त्याआधीची अधिसूचना ६ जानेवारी २०११ ची आणि मूळ १९ फेब्रुवारी १९९१ ची. ही १९९१ ची तारीख लक्षात ठेवा, ती पुन्हा लागणार आहे.

नकाशा वाचताना एक फसगत हमखास होते. जिल्ह्याचे नकाशे १:२५,००० प्रमाणाचे आहेत. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. छापलेल्या रेषेची जाडीच तुमच्या शेडीपेक्षा मोठी! मोबाइलवर तो नकाशा मोठा करून 'आपण बाहेर आहोत' असे ठरवणे म्हणजे पंचांगात डोकावून होडी लोटण्यासारखे आहे. निर्णय १:४,००० च्या नकाशावर होतो, जिथे मिलिमीटरला चार मीटर पडतात. प्राधिकरणाकडे जाणाऱ्या प्रस्तावाला असा नकाशा केंद्राने मान्य केलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावा लागतो. चेन्नईचे राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र आणि अण्णा विद्यापीठाची दूरसंवेदन संस्था ही नावे त्या यादीत आहेत. संस्थेला मोजणीचे अक्षांश-रेखांश दिले तर भूखंड नेमका बसतो. नुसता गटनकाशा दिला तर अंदाजाने बसतो आणि तो अंदाज पुढे तुमच्याच गळ्यात पडतो.

रेषा कळली की अंतरे. समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड. ग्रामीण भागात, म्हणजे सीआरझेड-३ मध्ये, त्यातला पहिला पट्टा 'ना-विकास क्षेत्र'. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर गाव ३-अ मध्ये येते आणि हा पट्टा ५० मीटरचा होतो. त्याहून कमी असेल तर ३-ब आणि पट्टा २०० मीटरचा. इथे कोकणावर एक अन्याय होतो, तो सांगायलाच हवा. आमच्या महसुली गावात किनाऱ्याला एक चिंचोळी, घराला घर लागलेली वाडी असते आणि मागे मैलभर ओसाड कातळाचा सडा. वाडीत पाय ठेवायला जागा नसते, पण सरासरी काढली की सडा सगळी घनता खाऊन टाकतो आणि गाव ३-ब मध्ये जाते. गोठण आणि कातळ मोजून कोळीवाड्याची दाटी ठरवायची, हा हिशेब कागदावर बरोबर असेल, जमिनीवर नाही. तरीही आज तो लागू आहे आणि शेड बांधणाऱ्याने तो धरूनच चालावे.

खाडीकाठी हिशेब वेगळा. तिथे पट्टा ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते. खाडी ३० मीटर रुंद असेल तर पट्टा ३० मीटर, २०० मीटर रुंद असेल तर ५०. जुन्या अधिसूचनेत खाडीचा पट्टा १०० मीटरपर्यंत होता, त्यामुळे २०१२-१३ साली नकार मिळालेल्या काही जागा आज मोकळ्या झाल्या आहेत. अशांनी पुन्हा पाहावे. खाडी वरच्या अंगाला कुठे संपते तेही ठरलेले आहे: वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत पाण्याची क्षारता हजारी पाच भागांपर्यंत उतरते तिथवर. त्याच्या वर नदी. तिथे सीआरझेड नाही, पण पूररेषा आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. निळ्या आणि लालच्या मध्ये जोते लाल पूरपातळीच्या वर किमान ०.४५ मीटर हवे. चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर हे समजावावे लागत नाही.

पण खाडीकाठची खरी गोम अंतरात नाही, खारफुटीत आहे. केंद्राची अधिसूचना म्हणते, खारफुटीचे क्षेत्र १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर भोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा. मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश त्याहून कडक आहे. २००५ चा अंतरिम आदेश आणि १७ सप्टेंबर २०१८ चा अंतिम निकाल सांगतो की जमीन कोणाच्याही मालकीची असो, क्षेत्र कितीही असो, खारफुटीच्या सर्व बाजूंना ५० मीटरमध्ये बांधकाम करता येणार नाही. म्हणजे ३० मीटर रुंद खाडीकाठी, भरतीरेषेपासून ३५ मीटरवर शेड बसत होती. पण काठावर चिप्पीची, म्हणजे खारफुटीचीच, आठ झाडे आहेत. झाले, शेड बसत नाही. मोजायचे झाडांच्या तुमच्याकडच्या कडेपासून. आणि रात्रीतून कोयता चालवून कडा मागे सरकवू नये. दरवर्षीची उपग्रहचित्रे जुळवून पाहणे आता तालुक्याच्या ठिकाणीही जमते आणि मग शेडीच्या परवानगीचे प्रकरण फौजदारी होते.

खाजण जमीन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली शेती, असणाऱ्यांसाठी एक पोटनियम महत्त्वाचा आहे. १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीचा बांध किंवा उघाडी (पाणी सोडायचे दार) असेल आणि त्याने भरतीचे पाणी अडत असेल, तर भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबते. आतली शेती सीआरझेडच्या बाहेर राहू शकते. हा मोठा दिलासा आहे, पण त्याला पुरावा लागतो: खारभूमी विभागाची योजना-नोंद, जुना गावनकाशा, दुरुस्तीची बिले. आणि बांधाची निगा लागते. बांधाला खांड (भगदाड) पडली, दोन-चार वर्षे कोणी बुजवली नाही, खारे पाणी आत आले आणि खारफुटी उगवली, की ती आतली जागा थेट सीआरझेड-१ अ या सर्वांत संवेदनशील गटात जाते. मग शेड राहू द्या, भातही लावता येत नाही. रायगडात खांडींकडे गावकीने काणाडोळा केल्याची किंमत अशी मोजली जाते. बांधाच्या पायथ्याशी खांबासाठी खड्डे घेणे हा तर उघड वेडेपणा, बांध तिथूनच झिरपतो.

ना-विकास क्षेत्रात मग काहीच होत नाही का? होते, पण यादी बंदिस्त आहे. अस्तित्वातील अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी, तीही जोत्याचे क्षेत्र, चटईक्षेत्र आणि घनता न वाढवता. पारंपरिक किनारी समाजाची घरे. शेती, बागायत, कुरणे. स्थानिकांसाठी लागणारे दवाखाने, शाळा, सार्वजनिक स्वच्छतागृहे, रस्ते, स्मशाने. आणि मासेमारी समाजासाठी मासे वाळवण्याचे ओटे, लिलावगृह, जाळी दुरुस्तीची जागा, पारंपरिक होडीबांधणी, बर्फ कारखाना. म्हणून जाळ्यांच्या शेडीसाठी मच्छीमाराने 'गोदाम' असा अर्ज करू नये; 'जाळी दुरुस्ती व साठवण' असे अधिसूचनेतल्या शब्दांजवळ राहून लिहावे. सोबत मच्छीमार सहकारी संस्थेचे पत्र, होडीची नोंदणी आणि मासेमारी परवाना जोडावा. एकट्याच्या नावाने केलेल्या अर्जापेक्षा संस्थेच्या नावाने केलेला सामाईक शेडीचा अर्ज सुकर जातो, कारण नियमाची भाषाच समाजाच्या सोयींची आहे.

बागायतदाराचा मांगर हा थोडा कुरकुरीचा विषय. शेती चालते, पण शेतघर यादीत नावानिशी नाही. 'परवानगी असलेल्या कामांसाठी अत्यावश्यक सोयी' एवढीच फट आहे. जमीन महसूल संहितेत शेतीची इमारत म्हणजे अवजारे, खत, चारा, शेतमाल ठेवण्याची किंवा गुरे बांधण्याची जागा आणि कुटुंबाच्या वा गड्यांच्या राहण्याचीही. या व्याख्येच्या जोरावर लोक किनाऱ्यापासून शंभर मीटरवर 'शेतघर' बांधतात. महसूल संहितेने दिलेली मुभा सीआरझेडने लावलेली बंदी उठवत नाही. दोन्ही चाळण्यांतून जावे लागते. ना-विकास क्षेत्रात मांगर हवाच असेल तर तो अवजारांपुरता, दाखवता येईल अशा बागेला जोडलेला आणि प्राधिकरणापुढे ठेवलेला हवा. जागा असेल तर सरळ २०० मीटरच्या मागे सरकावे, वर्ष वाचते.

इथे नकाशा काढणाऱ्याची एक नेहमीची चूक सांगतो. अर्जात 'होडीची शेड' लिहिलेले असते आणि नकाशात मागच्या कोपऱ्यात संडास-बाथरूम, एक ओटा, सरकत्या काचेच्या दोन खिडक्या आणि समोर सहा फुटी पडवी. तपासणारा अधिकारी हसतो आणि फाइलीवर 'निवासी/पर्यटन वापराची शक्यता' असा शेरा मारतो. त्याचे काय चुकले? होडीच्या शेडीला एका बाजूने होडी आत जाईल एवढे तोंड लागते, निदान तीन मीटर. वायुवीजनाला वर जाळी लागते. संडास लागत नाही. जे लागते तेच काढा. उंची, जोत्याची लांबी-रुंदी, खांबांचे अंतर, छपराच्या पाण्याचा निचरा कुठे जाईल हे दाखवा. स्थाननकाशा १:५०० आणि इमारतीचा १:१००. भरतीरेषा, खारफुटीची कड, ना-विकास रेषा आणि शेडीचा समुद्राकडचा कोपरा, या चारही गोष्टी एकाच कागदावर, अंतरे मीटरमध्ये लिहून. हा एक कागद नीट असला तर अर्धे शेरे येतच नाहीत.

अर्ज कोणाकडे, हे जागेवर ठरते. गावठाणात ग्रामपंचायत, कारण १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ ने तिला तो अधिकार दिला आहे. गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, महसूल खात्याकडे आणि नगररचनेच्या अभिप्रायासह. नगरपरिषद, नगरपंचायतीत मुख्याधिकारी. शहरी भागातल्या सीआरझेड-२ मध्ये प्रश्न असा असतो, की अस्तित्वातील रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या रेषेच्या जमिनीकडच्या बाजूला तुम्ही आहात का. असाल तर स्थानिक नियमांप्रमाणे मार्ग आहे, समुद्राकडच्या बाजूला असाल तर नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असलेल्यांनी कलम ४२-ड ची सोय पाहावी. अकृषिक परवानगीचा फेरा तिथे रूपांतरण कर भरून टळतो. टळतो तो अकृषिकचा फेरा, सीआरझेडचा नव्हे.

पुढची पायरी बहुतेकांना माहीत नसते. स्वतःच्या राहण्याचे घर एकूण ३०० चौरस मीटर बांधीव क्षेत्रापर्यंत असेल तर राज्य प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही. स्थानिक अधिकाऱ्यानेच अधिसूचना तपासून मंजुरी द्यायची आहे. पण ही सवलत राहत्या घराला आहे, सुट्या शेडीला नाही. तेव्हा ना-विकास रेषेमागे घर बांधायचे असेल आणि मागाहून शेडही लागणार असेल, तर ती घराच्याच नकाशात घराची पूरक म्हणून पहिल्याच दिवशी दाखवा, दोन्ही मिळून ३०० च्या आत ठेवा. आधी घर मंजूर करून दोन वर्षांनी शेडीचा वेगळा अर्ज केला, तर त्या टिचभर शेडीसाठी प्रस्ताव मुंबईला जातो. प्राधिकरणाने परिपूर्ण प्रस्तावावर ६० दिवसांत निर्णय द्यावा असे अधिसूचना म्हणते. यातला 'परिपूर्ण' हा शब्द फार दिवस खातो. एक कागद कमी असला तर घड्याळ सुरूच होत नाही.

साठ दिवसांवरून दुसरा गैरसमज. नगररचना कायद्याच्या कलम ४५(५) प्रमाणे ६० दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मानली जाते, हे खरे आहे. पण प्रस्ताव योजना आणि नियमांशी तंतोतंत जुळत असेल तरच. सीआरझेडची मंजुरी अशी आपोआप मिळत नाही. 'मानीव परवानगी'च्या जोरावर किनाऱ्यावर जोते घालणाऱ्याने आपला वकील आधी ठरवून ठेवावा. मिळालेली बांधकाम परवानगी एक वर्ष टिकते आणि दरवर्षी वाढवून घेता येते, एकूण मुदतवाढ तीन वर्षांपर्यंत. ती वाढ मागायला विसरणारे पुष्कळ.

आता पावत्यांबद्दल. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, महावितरणचे बिल यांतले काहीही बांधकामाची परवानगी नाही. ग्रामपंचायत कर आकारते ते बांधकाम दिसते म्हणून. केरळात मराडूच्या इमारतींना तर स्थानिक पंचायतीने २००६ मध्ये रीतसर बांधकाम परवाने दिले होते. किनारा प्राधिकरणाची मान्यता नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१९ च्या आदेशानंतर जानेवारी २०२० मध्ये त्या स्फोटकांनी पाडल्या. आपल्याकडे किहीमला मार्च २०१९ मध्ये एक बडा बंगला तसाच गेला. दंडाचे म्हणाल तर १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ मधला तुरुंगवास जाऊन १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला आहे. काहींना ही सूट वाटते. छोट्या शेडीवाल्याला ती सूट नाही. खटला वर्षानुवर्षे रेंगाळायचा, दंड मात्र अधिकारीच ठरवतो.

जुनी शेड असणाऱ्यांना वेगळा सल्ला. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आणि पुढच्या मे महिन्यात तौक्तेत किनाऱ्यावरचे पत्रे उडाले, तेव्हा अनेकांनी छपराबरोबर जोतेही दोन-दोन फूट वाढवून घेतले. ती दुरुस्ती राहिली नाही, नवे बांधकाम झाले आणि जुन्या जोत्याचा हक्कही गेला. म्हणून दुरुस्तीआधी जोत्याची चारही मापे टेप ठेवून, तारखेसह फोटोत घ्या. १९९१ पूर्वीच्या अस्तित्वाचा पुरावा गोळा करून ठेवा: जुना नमुना ८, जुन्या मोजणीच्या नकाशातले चौकोन, फेरफारातला उल्लेख. छपराला सांगाडा नट-बोल्टचा आणि जस्ताचा मुलामा दिलेला घ्या. खाऱ्या वाऱ्यात पत्र्याआधी स्क्रू सडतो आणि वादळात पत्रा जातो तो त्या सडलेल्या भोकातून. वाशांचे अंतर एक मीटरहून जास्त ठेवू नका, छपराच्या कडेला तर आणखी कमी, कारण वारा उचलतो तो कडेलाच.

शेडीबरोबर लोक आणखी तीन गोष्टी करतात आणि त्यांतच अडकतात. पुळणीची टेकडी सपाट करणे, हे सर्वत्र निषिद्ध आहे, परवानगीच्या शेडीसाठीसुद्धा. बोअर मारून पंप बसवणे: भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपशाला स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या गरजेपुरतीच जागा आहे आणि त्यामागच्या पट्ट्यात हाताने उपसायच्या साध्या विहिरीपुरती. आणि चिऱ्याचे गडगे घालून किनाऱ्याची वाट अडवणे. कुंपण जिवंत किंवा वेलीने झाकलेल्या तारेचे असावे आणि लोकांची समुद्राकडे जाणारी वाट मोकळी राहावी. तक्रार शेडीबद्दल क्वचितच होते. वाट अडली की गाव उठते आणि मग शेडही मोजली जाते.

पर्यटनासाठी 'शॅक', म्हणजे किनाऱ्यावर खाण्यापिण्याची झोपडी, टाकू म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. राज्याने २०२० मध्ये आठ किनाऱ्यांसाठी शॅकचे धोरण आणले, ते सरकारी पुळणीवरच्या परवान्यांचे आहे. त्याने खासगी बागेत झोपड्या उभारण्याचा हक्क मिळत नाही. ग्रामीण पट्ट्यात तात्पुरत्या पर्यटन सोयींना अधिसूचनेत जागा आहे, भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून. पण त्या सोयी म्हणजे शॅक, स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, बसायची जागा, एवढेच. राहण्याच्या खोल्या नाहीत. गोव्यात सप्टेंबर ते मे या हंगामी बांधकामांची रूढी अधिसूचनेनेच मान्य केली आहे. ते उदाहरण पेडण्यापलीकडून उचलून वेंगुर्ल्यात लावता येत नाही. मालवण आणि आचरा-रत्नागिरी हे पट्टे तर अधिसूचनेत अतिसंवेदनशील किनारी क्षेत्र म्हणून नावानिशी आहेत, तिथे स्थानिक समाजाला विश्वासात घेऊन आखणी व्हायची आहे. घरातच दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या असतील, तर जोते आणि दर्शनी भाग न बदलता घरगुती निवास चालवायला स्थानिकांना मुभा आहे. शेडीपेक्षा तो मार्ग किती तरी सोपा.

शासनाकडे आमचे मागणे थोडके आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक तहसील कार्यालयात गटनंबर टाकला की भरतीरेषा, ना-विकास रेषा आणि खारफुटीचा पट्टा दिसेल असा नकाशा ठेवावा आणि त्याची सहीशिक्क्याची प्रत ठरावीक शुल्कात द्यावी. होडीची शेड, जाळ्यांची शेड आणि अवजारांचा मांगर यांचे तीन नमुना-नकाशे मापांसह जाहीर करावेत. त्या मापांत बसणारा प्रस्ताव जिल्हा किनारा समितीत तपासून एकत्रित पुढे पाठवावा. या समितीत मच्छीमारांसह स्थानिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असतातच. नकार द्यायचा तर लेखी, नियमाचा परिच्छेद लिहून द्यावा. 'साहेब नाही म्हणाले' यावर अपील करता येत नाही. आणि तहसिलात नकाशा लावताना १:४,००० चा लावावा. १:२५,००० चे भिंतीवर आधीच पुष्कळ आहेत.

आपले,
किनारी बांधकाम परवानग्यांचे काम करणारे काही वास्तुविशारद व भूमापक
रत्नागिरी–सिंधुदुर्ग